देण्याआधी विचारायचे प्रश्न : आफ्रिकेतील काही दावे आणि आपण

(आपल्या मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत अभ्यासगटाने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत दरवर्षी इतिहास, संतवाङ्मय, आरोग्य असे विषय असतात. यंदा आमच्या गटाने विषय कळवला तेव्हा कार्यवाहांनी दोनदा विचारले, "आफ्रिका? नक्की?" त्यांचे विचारणे रास्तच होते. आफ्रिका म्हटले की आपल्याला जंगल आठवते, सिंह आठवतो, फार तर भारतीय संघाचा क्रिकेट दौरा आठवतो. कायदा आणि तंत्रज्ञान शिकायला कोणी आफ्रिकेकडे पाहील, असे चटकन मनात येत नाही.

आमच्या गटात एक वकील आहेत, एक निवृत्त ग्रंथपाल आहेत आणि संगणक क्षेत्रात काम करणारी एक तरुण मुलगी आहे. गेली दोन वर्षे आम्ही बौद्धिक संपदा या विषयावर मिळेल ते वाचतो आहोत. बौद्धिक संपदा म्हणजे हातात धरता न येणारी मालमत्ता: गाणे, शोध, बियाण्याचे ज्ञान, व्यापारी नाव, पुस्तक, आणि आता तर आपल्या बोटांचे ठसेही या चर्चेत ओढले जातात. वाचता वाचता आमच्या ध्यानात आले की यातले फार मोलाचे काम केप टाउन, प्रिटोरिया आणि नैरोबी येथील विद्यापीठांतून होते आहे. 'ओपन एअर' नावाच्या संशोधकांच्या जाळ्यात आफ्रिकेतील अनेक देशांचे अभ्यासक एकत्र काम करतात. नैरोबीच्या स्ट्रॅथमोर विद्यापीठात केवळ बौद्धिक संपदा आणि माहिती-तंत्रज्ञान यांच्या कायद्याला वाहिलेले केंद्र आहे. हे लोक पुस्तकी वाद घालत बसलेले नाहीत. त्यांच्या समाजाने जे गमावले आणि जे परत मिळवले, त्याचा ते हिशेब मांडतात.

त्या हिशेबातल्या चार-पाच नोंदी आज आपल्यापुढे ठेवायच्या आहेत. सगळ्यांतून एकच प्रश्न वर येतो. आपले म्हणून जे आहे, ते दुसऱ्याच्या हाती देताना काय विचारायचे आणि केव्हा विचारायचे? आपल्या मंडळासमोरही सध्या असाच एक प्रश्न आहे. त्याकडे शेवटी येऊ.

दहा शिलिंगांचे गाणे

दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतात १९०९ साली जन्मलेला सॉलोमन लिंडा हा झुलू तरुण पोटापाण्यासाठी जोहान्सबर्गला आला. त्याचा 'ईव्हनिंग बर्ड्स' नावाचा गायकांचा संच होता. १९३९ साली गॅलो या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत त्यांनी 'म्बुबे' हे गाणे ध्वनिमुद्रित केले. म्बुबे म्हणजे सिंह. गाताना लिंडाने ऐनवेळी वरच्या पट्टीत एक सुरावट घेतली, आणि पुढे तीच जगभर फिरली.

अमेरिकेत पीट सीगर यांच्या 'वीव्हर्स' या संचाने ते 'विमोवे' या नावाने गायले. मूळ झुलू शब्द होता 'उयिम्बुबे'. ऐकणाऱ्याच्या कानाला तो 'विमोवे' वाटला. १९६१ साली 'द टोकन्स' या संचाने इंग्रजी शब्द घालून त्याचे 'द लायन स्लीप्स टुनाइट' केले. १९९४ साली डिस्नेच्या 'द लायन किंग' या चित्रपटात ते आले. इथे बसलेल्या नातवंडांना विचारा, चाल त्यांना पाठ असेल.

आणि लिंडाला काय मिळाले? गाण्याचे हक्क दहा शिलिंगांना गेले असे सांगतात. १९६२ साली तो गेला तेव्हा घरात दारिद्र्य होते. थडग्यावर दगड बसवायलाही घरच्यांना पुढे कित्येक वर्षे लागली. मुली सोवेटोत हलाखीत राहत होत्या आणि त्यांच्या वडिलांची सुरावट जगाच्या रेडिओवर वाजत होती. २००० साली रायन मलान या दक्षिण आफ्रिकी पत्रकाराने ही सगळी कहाणी लिहून काढली, तेव्हा जगाला लिंडाचे नाव कळले.

आता यातला कायदा पाहा. ओवेन डीन या वकिलांनी ब्रिटिश साम्राज्याचा १९११ चा कॉपीराइट कायदा उघडला. त्यात एक कलम होते. लेखकाने वा संगीतकाराने हयातीत आपला हक्क विकला असला, तरी त्याच्या मृत्यूनंतर २५ वर्षांनी तो वारसांकडे परत येतो. लिंडाचा मृत्यू १९६२ चा, म्हणजे १९८७ पासून हक्क मुलींचा. 'लायन किंग' आला १९९४ साली. २००४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत डिस्नेवर दावा लागला. परदेशी कंपनीला तिथल्या कोर्टात उभे करण्यासाठी, मिकी माऊस आणि डोनाल्ड डकसह तिच्या तिथल्या दोनशेहून अधिक व्यापारचिन्हांवर टाच आणली गेली. फेब्रुवारी २००६ मध्ये तडजोड झाली. वारसांना मागची रक्कम आणि पुढचा वाटा मिळाला. संगीतकार म्हणून लिंडाचे नाव मान्य झाले.

वकील मंडळींना ठाऊकच आहे की तोच १९११ चा कायदा काही फेरफारांसह १९१४ पासून भारतातही लागू होता आणि आपला १९५७ चा कायदा अमलात येईपर्यंत चालला. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळातील नाटककार, पदे रचणारे, तबकड्यांवर गाणारे, सगळे त्याच कायद्याखाली होते. तो काय देतो आणि काय काढून घेतो, हे किती घरांत ठाऊक असेल?

लिंडाला प्रश्न विचारता आले नाहीत, कारण गोऱ्यांच्या राज्यात काळ्या गायकाने कागदावर सही करायची, प्रश्न विचारायचे नसत. हक्क कायद्यात लिहिलेला होता. पण तो मागायला कोणी उभे राहीपर्यंत त्याचा घरच्यांना काहीही उपयोग झाला नाही.

वाळवंटातली वनस्पती आणि घरातला चहा

दुसरी नोंद सान लोकांची. दक्षिण आफ्रिका, नामिबिया, बोट्सवाना या भागात राहणारे हे शिकारी लोक. कालाहारीच्या वाळवंटात शिकारीला लांब जाताना ते हूडिया नावाची निवडुंगासारखी वनस्पती चघळत. तिने भूक आणि तहान मारली जाते. हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले.

दक्षिण आफ्रिकेची सरकारी वैज्ञानिक संशोधन परिषद आहे. आपल्या सीएसआयआरसारखीच, आणि नावही तेच. तिने नव्वदीच्या दशकाच्या मध्यास हूडियातील भूक कमी करणाऱ्या घटकाचे पेटंट घेतले. १९९७ साली त्याचा परवाना एका ब्रिटिश कंपनीला दिला आणि पुढे तो फायझरपर्यंत पोहोचला. वजन कमी करण्याच्या औषधाची बाजारपेठ केवढी, हे सांगायला नको. या सगळ्यात सान लोकांना कोणी विचारले नाही. ब्रिटिश कंपनीच्या प्रमुखांची समजूत तर अशी होती की हे लोक आता उरलेलेच नाहीत. प्रत्यक्षात त्यांची संख्या लाखाच्या घरात होती.

२००१ साली बातमी फुटली. सान लोकांनी आपली परिषद स्थापन केली, वकील गाठले आणि वाटाघाटी केल्या. मार्च २००३ च्या करारात ठरले की औषध तयार होण्याच्या टप्प्यांवर परिषदेला मिळणाऱ्या रकमेच्या आठ टक्के आणि विक्रीनंतरच्या रॉयल्टीच्या सहा टक्के वाटा सान लोकांचा. करार ऐतिहासिक होता, पण पैसा फारसा आलाच नाही. फायझर बाहेर पडली. युनिलिव्हर आली आणि सुरक्षितता व परिणाम यांबद्दल समाधान न झाल्याने २००८ मध्ये तीही बाहेर पडली. औषध बाजारात गेलेच नाही. सहा टक्के कशाचे घ्यायचे?

तरी हे फुकट गेले असे आम्हाला वाटत नाही. सान लोक बोलणी करायला शिकले, संघटना उभी राहिली. मग आली रुइबोसची वेळ. रुइबोस हा तिथला लाल चहा, आता आपल्याकडेही मोठ्या दुकानांत मिळतो. ही वनस्पती दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ भागातच होते. तिच्या उपयोगाचे ज्ञान मूळचे खोई आणि सान लोकांचे आहे, असे सरकारी अभ्यासाने २०१४ मध्ये मान्य केले. त्यानंतरही चहाचा उद्योग आणि हे समाज यांच्यात पाच वर्षे बोलणी चालली. नोव्हेंबर २०१९ मध्ये करार झाला. शेतातून निघणाऱ्या मालाच्या किमतीवर दीड टक्का या समाजांच्या निधीत जमा करायचा. हूडियात वाटा एका अजून न झालेल्या औषधाच्या भविष्याला बांधलेला होता. इथे तो दरवर्षी विकल्या जाणाऱ्या मालाला बांधला गेला. करारातला हा फरक शहाणपणाचा आहे.

त्याच सान लोकांनी २०१७ साली संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता जाहीर केली. तिची मूल्ये साधी आहेत: आदर, प्रामाणिकपणा, न्याय आणि काळजी. आमच्याकडे अभ्यासाला यायचे असेल तर आधी आमच्या परिषदेकडे या, काय करणार ते आमच्या भाषेत समजेल असे सांगा आणि निष्कर्ष आम्हाला परत आणून दाखवा. कधीकाळी ज्यांना 'उरलेच नाहीत' म्हटले गेले, त्यांनी जगाच्या विद्यापीठांना घातलेली ही अट आहे.

करार असूनही

आता कोणी म्हणेल, मग आधी करार केला की झाले. तसेही नाही. इथिओपियात टेफ नावाचे बारीक धान्य पिकते. आपल्या नाचणीहूनही बारीक. त्याच्या आंबवलेल्या पिठाची इंजेरा नावाची जाळीदार भाकरी हे तिथले रोजचे अन्न. दिसायला बरीचशी आपल्या आंबोळीसारखी. टेफमध्ये ग्लुटेन नसते, म्हणून युरोपात त्याला मागणी आली.

२००५ साली इथिओपियाने एका डच कंपनीशी रीतसर करार केला. टेफचे बियाणे द्यायचे, नफ्यात वाटा घ्यायचा. त्या वेळी जगभरात असा करार नमुनेदार म्हणून सांगितला जाई. पण कंपनीने टेफच्या पिठावरील प्रक्रियेचे युरोपीय पेटंट मागितले होते आणि २००७ साली ते तिला मिळाले. २००९ मध्ये कंपनी दिवाळखोर ठरली. करार कंपनीशी, कंपनी बुडाली, करार संपला. पेटंट मात्र बुडाले नाही, ते दुसऱ्या हातांत गेले. इथिओपियाच्या पदरात जवळजवळ काहीच पडले नाही. ज्यांच्या शेतात हे धान्य हजारो वर्षे पिकते, त्यांनाच युरोपात टेफचे पीठ विकताना या पेटंटची आडकाठी!

शेवटी २०१८ च्या नोव्हेंबरात हेग येथील न्यायालयाने हे पेटंट नेदरलँड्सपुरते रद्द केले, कारण त्यात नवा शोध म्हणावा असे काही नव्हते. आणि तो वाद इथिओपियाने नेलेलाच नव्हता. दोन डच कंपन्यांचे आपसातले भांडण होते.

इथे आपल्याला हळदीची आठवण येणारच. १९९५ साली अमेरिकेत एका विद्यापीठाला जखमेवर हळद लावण्याचे पेटंट मिळाले होते. आपल्या आज्यांनी बोट कापल्यावर जे केले, त्याचे पेटंट! आपल्या सीएसआयआरने, गोव्यातील माशेल गावचे डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे महासंचालक असताना, ते आव्हान स्वीकारले. जुने संस्कृत ग्रंथ आणि छापील शोधनिबंध पुरावा म्हणून मांडले आणि १९९७ साली पेटंट रद्द करवून घेतले. 'आम्हाला हे आधीपासून ठाऊक आहे' असे नुसते म्हणून चालले नसते. ते कुठे, कधी लिहून ठेवले आहे हे दाखवता आले म्हणून जिंकता आले. टेफच्या वेळी दाखवण्याजोगे बरेच होते, पण ते घेऊन वेळेवर उभे राहणारे कोणी नव्हते.

आमची ओळख कोण ठेवणार?

आतापर्यंत गाणी आणि वनस्पती झाल्या. आता माणसाच्या ओळखीकडे वळू, कारण तिथेही 'आधी विचारा' हाच झगडा आहे.

केनियाची राजधानी नैरोबी. तिथल्या किबेरा वस्तीत नुबियन समाज राहतो. मूळचे हे सुदानकडचे. ब्रिटिशांच्या फौजेत शिपाई म्हणून शंभराहून अधिक वर्षांपूर्वी आले आणि तिथलेच झाले. ऐकताना ओळखीचे वाटते ना? आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज होळकरांच्या, शिंद्यांच्या फौजेबरोबरच माळव्यात आले. फरक एवढाच की आपण 'इथले' आहोत का, असे आपल्याला कोणी विचारत नाही. नुबियन माणसाला ओळखपत्र काढताना तपासणीच्या फेऱ्यांतून जावे लागे.

२०१९ मध्ये केनिया सरकारने 'हुदुमा नंबा' योजना आणली. स्वाहिली भाषेत हुदुमा म्हणजे सेवा, नंबा म्हणजे नंबर. आपल्या आधारसारखीच कल्पना. त्यासाठी बदललेल्या कायद्यात नागरिकांचा डीएनए आणि राहत्या जागेचे उपग्रहाने टिपलेले ठिकाण घेण्याचीही तरतूद होती. माहितीच्या संरक्षणाचा कायदा मात्र तेव्हा देशात नव्हताच. नुबियन हक्क मंच आणि मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्था उच्च न्यायालयात गेल्या.

३० जानेवारी २०२० च्या निकालात न्यायालयाने डीएनए आणि ठिकाण घेण्याची तरतूद घटनाबाह्य ठरवली. योजना पुढे न्यायची तर आधी माहितीच्या रक्षणाची पुरेशी नियमचौकट करा, असे बजावले. त्या निकालपत्रात आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या आधारवरील निकालाची चर्चा आहे. न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या नावाने ओळखला जाणारा हा खटला. याच खटल्यात २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरला आणि त्यातले एक प्रमुख निकालपत्र न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिले. दिल्लीत झालेला युक्तिवाद नैरोबीत कामी येतो, असा हा दुतर्फा रस्ता आहे.

खटला सुरू असतानाच, २०१९ च्या नोव्हेंबरात, केनियात माहिती संरक्षण कायदा झाला. २०२० मध्ये सरकारने कार्डे वाटायला घेतली, तेव्हा लोक पुन्हा कोर्टात गेले. ऑक्टोबर २०२१ मध्ये न्यायालयाने तेही बेकायदा ठरवले. कारण ही माहिती गोळा केल्याने लोकांना काय धोका पोहोचू शकतो, याचे कायद्याने सांगितलेले मूल्यमापन आधी केलेच नव्हते. सेवा वाईट आहे असे न्यायालय म्हणाले नाही. आधी तपासा, मग घ्या, एवढेच म्हणाले.

हेच सूत्र पुढे एका खासगी कंपनीलाही लागले. वर्ल्डकॉइन ही कंपनी एका चकचकीत गोळ्यासमोर माणसाला उभे करून डोळ्याच्या बुबुळाची प्रतिमा घेई आणि बदल्यात थोडे आभासी चलन देई. नैरोबीत त्यासाठी लोकांच्या रांगा लागल्या. गरजू माणसाला आज हातात पडणारी रक्कम दिसते. बुबुळ बदलता येत नाही हे दिसत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये सरकारने काम थांबवले आणि मे २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने गोळा केलेली माहिती सात दिवसांत पुसून टाकायला सांगितले. आमिष दाखवून मिळवलेली संमती ही खरी संमती नव्हे, हा त्यातला गाभा.

भाषा कोणाची?

शेवटची नोंद आपल्या अगदी जवळची आहे, भाषेची. संगणकाला एखादी भाषा शिकवायची तर त्या भाषेतला लिखित मजकूर आणि बोलीचे ध्वनिमुद्रण भरपूर लागते. आफ्रिकेत दोन हजारांच्या आसपास भाषा आहेत. त्यांतल्या बहुतेकींचा मजकूर संगणकावर नगण्य. म्हणून २०१९ च्या सुमारास तिथल्या तरुण संशोधकांनी 'मसाखाने' नावाचा उपक्रम सुरू केला. झुलूत त्याचा अर्थ 'आपण मिळून बांधू'.

त्यांना एक मोठा साठा सापडला होता. एका ख्रिस्ती पंथाने आपली नियतकालिके तीनशेहून अधिक भाषांत अनुवादित केली होती आणि कोणीतरी ती संशोधनासाठी जुळवून ठेवली होती. त्यावर बरेच काम झाले. मग लक्षात आले की मजकुराचे हक्क त्या पंथाकडे आहेत आणि अटींनुसार असा वापर चालत नाही. रीतसर परवानगी मागितली, ती मिळाली नाही. भाषा आपली, बोलणारे आपण. पण लिहिलेला मजकूर दुसऱ्याचा. या प्रसंगावर आफ्रिकेतल्या कायद्याच्या अभ्यासकांनी बरेच लिहिले आहे. संशोधनासाठी कायद्यात मोकळीक हवी, अशी त्यांची मागणी आहे. सगळेच कुलूपबंद केले तर लहान भाषा आधी मरतील.

पण सगळे मोकळे सोडले तर काय होते? गावोगाव फिरून, आजीबाईंना बोलते करून गोळा केलेला ठेवा कोणीही उचलतो, त्यातून विकाऊ वस्तू करतो आणि त्याच गावाला ती विकत घ्यावी लागते. यावर प्रिटोरिया विद्यापीठाच्या गटाने स्ट्रॅथमोरच्या केंद्राबरोबर एक नवा परवाना तयार केला. त्याचे नाव 'न्वुलिते ओबोदो', इग्बो भाषेतले. समाज उभा करणे असा त्याचा आशय. कल्पना अशी की सर्वांना एकच माप नको. आफ्रिकेतल्या आणि इतर विकसनशील देशांतल्या लोकांना हा ठेवा मोकळेपणी वापरता यावा. बाहेरच्या, सधन वापरणाऱ्याने मात्र ज्या समाजाकडून तो आला त्याला काही परत द्यावे. पैसा, सामग्री, प्रशिक्षण, काहीही. हा परवाना अजून नवा आहे, कोर्टात त्याची कसोटी लागायची आहे. पण 'मोकळे की बंद' या दोन टोकांच्या मधली वाट त्याने दाखवली आहे.

आपल्यापुढचा निर्णय

आता मंडळासमोरचा प्रश्न. आपल्या ग्रंथालयातल्या लोखंडी कपाटात काही कॅसेट आहेत. मंडळाच्या महिला शाखेने घरोघरी जाऊन ज्येष्ठ स्त्रियांकडून जात्यावरच्या ओव्या, मंगळागौरीची गाणी, डोहाळे आणि पाळणे म्हणवून घेतले होते. गाणाऱ्या बहुतेक जणी आता नाहीत. त्या ओव्यांतली मराठी पुण्या-मुंबईची नाही. हिंदी आणि माळवी बोलीच्या शेजाराने घडलेली, आपली इंदुरी मराठी आहे. ती अशी, गाणाऱ्यांच्याच आवाजात, आणखी कुठे जपलेली आम्ही तरी पाहिलेली नाही.

एका कंपनीने या सगळ्या कॅसेटचे मोफत डिजिटायझेशन करून देण्याची तयारी दाखवली आहे. कॅसेटच्या फिती वर्षागणिक खराब होत आहेत, तेव्हा काम तातडीचे आहे यात शंका नाही. बदल्यात कंपनीला तो आवाज आणि ते शब्द आपल्या कोणत्याही कामासाठी, कायमचे, कोणत्याही अटीविना वापरण्याची मुभा हवी आहे. कार्यकारिणीत दोन मते आहेत. काही जण म्हणतात, कपाटात कुजण्यापेक्षा जगासमोर जाऊ दे. काही म्हणतात, आपल्या आज्यांचे आवाज विकायचे नाहीत.

आम्हाला दोन्ही मतांत तथ्य वाटते. म्हणून आमचे म्हणणे नकाराचे नाही. क्रम बदला, एवढेच आहे.

पहिले, कॅसेटवर कोण गायले, कोणी मुद्रित केले, कोणत्या वर्षी, याची यादी आधी करा. लिंडाचे नाव साठ वर्षांनी का होईना लागले, कारण त्याच्या तबकडीवर ते छापलेले होते. आपल्या कित्येक कॅसेटवर फक्त 'ओव्या, बाजू दोन' एवढेच लिहिले आहे. आवाज ओळखणाऱ्या वडीलधाऱ्या बायका अजून आपल्यात आहेत. हे काम याच वर्षी व्हायला हवे.

दुसरे, गाणाऱ्यांच्या मुला-नातवंडांना विचारा. ओवी परंपरेची, तिचा कोणी एक कर्ता नाही, हे खरे. पण आपल्या कॉपीराइट कायद्यात गाणाऱ्याचाही स्वतंत्र हक्क आहे. कायदा बाजूला ठेवला तरी आवाज त्या घरचा आहे. कोणाच्या आजीने ओवीत सासरचे दुःख गायले असेल, ते सगळ्यांनी ऐकावे की नाही हे त्या घराने ठरवावे.

तिसरे, फितींची पहिली प्रत आपल्या खर्चाने करा. हा खर्च मंडळाला झेपणारा आहे; मंडपाच्या रोषणाईतून थोडी काटकसर केली तरी बराचसा भाग निघेल. आपली प्रत आपल्या हाती असली की बोलणी बरोबरीने होतात. जो घाईत असतो, त्याला कमी मिळते.

चौथे, मग कंपनीशी जरूर बोला, पण अटी लिहून. विद्यार्थ्यांना, अभ्यासकांना, मराठीच्या कामाला मोफत. व्यापारी वापरासाठी वेगळा, मुदतीचा करार. गाणाऱ्यांची नावे सोबत राहतील. आणि कंपनी बंद पडली वा विकली गेली तर हक्क दुसऱ्याकडे न जाता मंडळाकडे परत येतील. हे शेवटचे कलम टेफने शिकवले आहे.

या चारही कामांसाठी एक लहान समिती नेमावी आणि तिच्यात निम्म्याहून अधिक स्त्रिया असाव्यात, असा आमच्या गटाचा प्रस्ताव आहे. ठेवा त्यांच्या आज्यांचा आहे. येत्या सर्वसाधारण सभेत तो लेखी मांडू. त्याआधी ज्यांच्या घरातल्या कोणी त्या ध्वनिमुद्रणात गायल्या असतील, त्यांनी ग्रंथालयात नाव नोंदवावे, ही नम्र विनंती.

देणे ही आपली रीत आहे. दारी आलेल्याला आपण रिकाम्या हाताने पाठवत नाही. पण दान देतानाही हातावर पाणी सोडून संकल्प म्हणायची पद्धत आहे: काय देतो, कोणाला देतो, कशासाठी देतो, हे मोठ्याने, चारचौघांत. जोहान्सबर्ग, कालाहारी आणि किबेरामधल्या लोकांना हे प्रश्न देऊन झाल्यावर, कोर्टाच्या पायऱ्या चढून विचारावे लागले. आपल्याला ते आधी विचारता येतील. कॅसेट अजून आपल्या कपाटात आहेत.